एकशे एक्केचाळीस बंद घरं

नवनाथ भोईरसरांनी अकरा वर्षांच्या गाइडगिरीत कुणालाही लेखी नाही म्हटलं नव्हतं. आपल्याकडे लेखी नाही म्हणायचं ते तहसीलदाराने किंवा बँकेने. शिकलेल्या माणसाने काय सांगायचं ते तोंडाने सांगावं, शक्यतो चहा घेता घेता, म्हणजे समोरच्याला लागत नाही आणि सांगणाऱ्याला उद्या फिरवता येतं. सरांच्या हाताखाली पीएचडीला चार जण होते. चौघांचंही मार्गदर्शन कॉलेजच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर चाले. दर सहा महिन्यांनी विद्यापीठाचा प्रगती अहवाल यायचा, त्यातल्या ‘मार्गदर्शकाचा अभिप्राय’ ह्या चौकटीत सर एकच शब्द लिहायचे : समाधानकारक. हर्षला ठोंबरेच्या फायलीत असे अकरा समाधानकारक एकाखाली एक लागलेले होते. नंतर नंतर तर त्यातला शेवटचा ‘क’ सहीच्या पहिल्या फटकाऱ्यातच उरकला जाई.

वाईट माणूस नव्हे. उलट खोपोलीपासून चौक गावापर्यंत विचारा, कुणीही सांगेल, भोईरसर म्हणजे देवमाणूस. पोरांना त्रास नाही. एवढं एकच कौतुक ज्याच्या वाट्याला सगळीकडून येतं, त्याच्याकडे जरा निरखून बघावं.

तर दिवाळीच्या तोंडावर विद्यापीठाने गाइड लोकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण लावलं. सक्तीचं. हजेरी नाही तर पुढचे विद्यार्थी नाहीत. जागा कर्जतच्या पुढे एका शेतघरात, जिथे आठ वर्षांपूर्वी भाताची खाचरं होती आणि आता निळ्या फरशीचा तरणतलाव होता. बत्तीस गाइड आले. त्यांतले एकोणीस प्रमाणपत्रासाठी, आठ तलावासाठी आणि चार प्राचार्यांनी ढकलले म्हणून. राहिला एक, तो चुकून खरंच शिकायला आला होता. तो पहिल्या दुपारीच ओळखू आला, कारण वहीत लिहीत होता तो एकटाच. नवनाथसर ढकललेल्या चारांत होते.

प्रशिक्षण घ्यायला पुण्याहून सुप्रिया मॅडम आल्या होत्या. बोलायला गोड, पण सोडायला तयार नाहीत अशा. पहिल्या दिवशी त्यांनी ‘विद्यार्थ्याला वाईट बातमी कशी सांगावी’ ह्याचं नाटक करून घेतलं. एक जण विद्यार्थी, दुसरा गाइड. सोळा जोड्यांनी नाटक केलं आणि सोळाही गाइड शेवटी, ‘तसं चांगलं आहे, थोडं बघून घ्या,’ ह्या वाक्यावर येऊन थांबले. मॅडमनी फळ्यावर सोळा रेघा ओढल्या. लोक हसले. सरही हसले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे बारा तारखेला, मॅडमनी एक परडी फिरवून सगळ्यांचे मोबाइल काढून घेतले.

“प्रत्येकाने आपल्या एका विद्यार्थ्याचं एक प्रकरण आणलंय ना? तासभर वाचायचं. समासात तीन गोष्टी लिहायच्या. बस.”

बत्तीस गाइडांची अशी पंचाईत आजवर झाली नव्हती. फोन नाही, चहा नाही, समोर विद्यार्थी नाही. नुसतं त्याचं लिखाण आणि आपण. कुणी चष्मा पुसला, कुणी दोनदा पाणी पिऊन आला. नवनाथसरांनी हर्षलाचं चौथं प्रकरण आणलं होतं. ते त्यांनी वाचलेलं नव्हतं. खरं तर पहिली तीनही वाचलेली नव्हती. पण तिने टपरीवर सांगितलेली होती, आणि सांगायची ती छान.

पहिली दहा पानं वाचून सरांचा ऊर भरून आला. पोरगी लिहिते बाकी झकास. विषय साधा होता : कर्जत-खालापूर पट्ट्यात शेतघरांसाठी ज्यांनी जमिनी विकल्या, ती कुटुंबं गावात राहिली की गाव सोडून गेली? बारा गावं, तीनशे साठ घरं. यादीतून चिठ्ठ्या टाकून घरं काढलेली. निष्कर्ष ठळक अक्षरांत : एक्क्याण्णव टक्के कुटुंबे गावातच राहिली. ऑगस्टमध्ये हेच तिने समितीपुढे मांडलं तेव्हा टाळ्या पडल्या होत्या, आणि एक फार्महाऊसवाले तर तो आकडा आपल्या माहितीपत्रकात छापायला मागत होते.

सतराव्या पानावर एका तक्त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती : ‘निवडलेल्या घरांपैकी १४१ घरे बंद आढळली. मार्गदर्शकांच्या सूचनेनुसार त्याऐवजी लगतचे उघडे घर घेतले.’

सरांनी ती ओळ एकदा वाचली. मग परत वाचली. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या कानात टपरीवरचा स्टोव्ह फुरफुरायला लागला.

चार वर्षं झाली असतील. हर्षला लोधिवलीहून उन्हातनं आली होती. म्हणाली होती, “सर, घरं बंद असतात हो. कुलपं लावलेली. काय करू?” आणि सर म्हणाले होते, “असू दे गं. बंद घर असेल तर पुढचं घे. आकडा पुरा झाल्याशी कारण.” मग त्यांनी टपरीवाल्याला दोन कटिंग सांगितले होते. बस, एवढंच झालं होतं.

गाव सोडून जो गेला त्याच्याच दाराला कुलूप असणार. ती सगळी दारं सोडून, राहिलेल्यांना जाऊन विचारलं, ‘तुम्ही राहिलात का?’ आणि शंभरातल्या एक्क्याण्णवांनी सांगितलं, ‘हो, राहिलो.’ सहा वर्षांचं संशोधन झालं ते एवढं.

“काय सापडलं, सर?” मॅडम मागे येऊन उभ्या होत्या.

“उत्तम आहे,” सर म्हणाले. “दोन-चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ.”

जेवणाच्या सुट्टीत मात्र त्यांनी मॅडमना तलावाच्या कडेला गाठलं. “मॅडम, माझ्या एका मित्राचं असं झालंय...” आणि सगळं सांगितलं. मॅडमनी मित्राचं नाव विचारलं नाही.

“मित्राला म्हणावं, आज सांगा तिला. आणि लेखी सांगा.”

“मुदत संपत आली असली तर?”

“किती उरलीय?”

“एकोणीस दिवस. एकतीसला नोंदणी संपते. वाढीव वर्षही घेऊन झालंय.”

मॅडमच्या हातातली ताटली थोडी खाली आली. “हे दुसऱ्या वर्षी व्हायला हवं होतं, सर,” त्या हळूच म्हणाल्या. मग प्रशिक्षकाचा आवाज परत आणून म्हणाल्या, “गाइड लोकांना कुणी विचारत नाही, हेही खरंच. म्हणून आपण आधारगट केलाय, व्हॉट्सअ‍ॅपवर. तिथे मोकळेपणाने विचारा.”

परडीतला फोन परत मिळताच सरांनी मोकळेपणाने विचारलं. प्रश्न टाकला, नाव न घेता, नीट परिच्छेद पाडून. संध्याकाळपर्यंत त्याला चौदा अंगठे, तीन नमस्कार आणि एक ‘शुभेच्छा’ आली. वरून कुणीतरी तलावातला फोटो टाकला, त्याला अठ्ठावीस अंगठे मिळाले.

त्याच दुपारी विद्यापीठाच्या एका अधिकाऱ्याने दोन तास नियमावली पडद्यावर लावून वाचली. सरांच्या मांडीवर सतरावं पान उघडं होतं. नियम त्यांच्या डोक्यावरून गेले.

तेरा तारखेला प्रमाणपत्र हातात पडलं तसे सर घरी न जाता थेट साजगावला गेले, हर्षलाच्या घरी. ओट्यावर तिची आई अंबूबाई तांदूळ निवडत होती.

“अगं बया, सर आलं! हर्षे, सर आलं गं! बसा सर. झाली का आमची पोर डाक्टर?”

“आई, थांब जरा,” हर्षला आतून येत म्हणाली. बत्तीस वर्षांची, तासिका तत्त्वावर त्याच कॉलेजात शिकवणारी. पुढच्या सप्टेंबरात एक कायम जागा निघणार होती, आणि त्या जागेसाठी पीएचडी लागणार होती. हे अंबूबाईलाही माहीत होतं, शेजारणीलाही माहीत होतं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही माहीत होतं.

सरांनी सांगितलं. प्रशिक्षणात शिकवल्याप्रमाणे आधी चांगलं, मग वाईट, असं सांगायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात दोन्हींची खिचडी झाली. हर्षला ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, “मला तिसऱ्या वर्षीच कळलं होतं, सर.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, छान चाललंय, आता मागे वळून बघू नकोस.”

सरांना हे आठवेना. पण वाक्य आपलंच आहे, ह्याबद्दल त्यांना शंका राहिली नाही.

ती आत जाऊन एक लांबट वही घेऊन आली. गावागावाची पानं पाडलेली. एकशे एक्केचाळीस बंद घरं, घरमालकाचं नाव, आणि शेजाऱ्यानं सांगितलेला ठावठिकाणा : तळोजा, विचुंबे, बदलापूर, ‘पोरीकडे’, ‘म्हाईत नाय’.

“लिहून ठेवलं होतं,” ती म्हणाली. “कधीतरी विचाराल म्हणून.”

“इचारा की मंग आत्ता,” अंबूबाई मधेच म्हणाली. “सर आलंत त्येवढ्यासाठी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तिच्या स्कूटीवरून लोधिवलीला गेले. पण सरांना बरोबर घेणं म्हणजे मिरवणूक काढणं. पहिल्याच ओट्यावर कुणाचा तरी बाप सरांचा विद्यार्थी निघाला. “सर, असं कसं, बसा की.” बसले. पोहे झाले. दुसऱ्या घरी नातवाच्या अ‍ॅडमिशनचा विषय निघाला. तिसऱ्या घरी सरांना जमिनीच्या भांडणात मत विचारलं, आणि सरांनी दोन्ही भावांना, तुमचंही बरोबर आहे, असं सांगितलं. संध्याकाळी हिशोब केला तर चार घरांचा पत्ता लागला होता.

“सर, रागावू नका,” हर्षला म्हणाली, “पण तुमी घरी जा. मी एकटी पटापट करते. तुमी फोन करा.”

विद्यार्थिनीने गाइडला काम नेमून द्यायची ही पहिलीच वेळ. सरांनी ते निमूट घेतलं. रोज सकाळी यादी समोर घेऊन ते फोन लावत. “मी प्रोफेसर भोईर बोलतोय, आपल्या गावच्या घराविषयी...” इथवर आले की पलीकडून, “लोन नको,” आणि फोन बंद. काही जण, “जागा विकायची नाय, सांगितलं ना एकदा!” म्हणून अंगावर येत. दिवसाला तीस फोन लावावेत तेव्हा तीन माणसं प्रश्न ऐकून घेत.

एकदा एका सोनाबाईंनी फोन उचलला आणि पाऊण तास सोडला नाही. वावोशीकडची बाई, आता तळोज्याला सहाव्या मजल्यावर. “भात इकत आणताव, सर. आमी! इकत!” असं त्या तीनदा म्हणाल्या. शेजारी कोण राहतं ते ठाऊक नाही, लिफ्टमध्ये जीव घाबरतो, गणपतीला गावच्या घराचं कुलूप उघडायला गेलो तर किल्ली गंजलेली, असं सगळं. सरांनी पानंच्या पानं लिहून घेतली आणि हर्षलाला फोन लावला, “अगं, हे कुठल्या रकान्यात घालू?”

पलीकडे वारा वाजत होता, ती स्कूटीवर होती. “प्रश्न पाच, सर. गावात राहतात का : हो, नाही. तेवढंच. बाकीचं मला नंतर द्या.”

दिवाळी मधे आली हेच नशीब. दोन दिवस गावांतली कुलपं उघडली, आणि हर्षलाने फराळाच्या ताटावर बसलेल्या लोकांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. चोवीस तारखेला आकडा लागला : एकशे एक्केचाळीसांतली त्र्याऐंशी कुटुंबं सापडली, त्यांतली एकोणऐंशी कायमची गेलेली. बदली घेतलेली घरं काढून नव्याने मांडलं तेव्हा एक्क्याण्णवाचे सदुसष्ट झाले. तीन दिवसांत तिने चौथं प्रकरण नव्याने लिहिलं. सरांनी ते पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचलं, समासात बावीस शेरे लिहिले, आणि त्यांना असं वाटलं की आपण आज खऱ्या अर्थाने गाइड झालो. सत्तावीस तारखेला ते ती फाईल घेऊन संशोधन विभागात गेले, तेव्हा चालताना त्यांची मान जरा ताठ होती.

विभागाचा क्लार्क देवेश. नियम त्याला तोंडपाठ, आणि सांगताना तो चेहऱ्यावरची माशी हलू देत नसे.

“सर, समितीपुढचं प्रेझेंटेशन ऑगस्टात झालंय. त्याच्यानंतर निष्कर्ष बदलला तर प्रेझेंटेशन परत. समिती डिसेंबरात बसते.”

“अरे, नोंदणी एकतीसला संपते.”

“तेच म्हनतोय मी.”

“मग काय करायचं?”

“जुनाच जमा करा. जुन्याला कुनाची हरकत नाय.”

“पण ते चूक हाय रं!”

“चूक असंल, सर. पन मंजूर हाय.” देवेशने फाईल त्यांच्याकडे सरकवली. “ट्रेनिंगला सांगितलं असंल की हे. दुसऱ्या दिवशी असतं.”

सर प्राचार्य मालोजीराव पिंगळ्यांकडे गेले. मालोजीराव ह्या भागातले जुने. परक्यासमोर शुद्ध बोलत, आपल्या माणसाशी घरचं.

“मुदतवाढ मिळंल का काही करून?”

“आजारपण, बाळंतपण, पूर. ह्यातलं काय हाय का तिला?”

“माझी चूक हाय. तसं लेखी देतो मी.”

मालोजीरावांनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं, पहिल्यांदाच चालायला लागलेल्या पोराकडे पाहावं तसं. “गाइडची चूक असा रकाना नाय, नवनाथराव. असता तर भरून भरून पुस्तक झालं असतं. सही करा न् मोकळं व्हा. वाचतंय कोन?”

संध्याकाळी सरांनी हर्षलाला सगळं सांगितलं. कॉलेजच्या जिन्यात, उभ्याउभ्याच. निर्णय विद्यार्थ्याचा असतो, असं प्रशिक्षणात एका पारदर्शिकेवर आलं होतं. सरांना तेवढीच एक पारदर्शिका स्वच्छ आठवत होती.

“तू ठरव,” ते म्हणाले.

“सहा वर्षं तुम्ही ठरवलंत, सर,” हर्षला म्हणाली. आवाज चढला नाही. “आणि आज मी?”

सर कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिले.

शेवटी ठरवलं तिनेच. आतला प्रबंध जुना, मंजूर झालेला, एक्क्याण्णव टक्क्यांचा. आणि मागे एक नवं परिशिष्ट : एकशे एक्केचाळीस बंद घरांची यादी, त्र्याऐंशी कुटुंबांची उत्तरं, खाली बेरीज. “परिशिष्टाला समिती लागत नाही,” ती म्हणाली. “देवेशला विचारलं मी.” एका पोटात दोन आकडे घेऊन प्रबंध एकतीस तारखेला दुपारी साडेतीनला जमा झाला. सरांनी सही केली. लिहिताना त्यांना कळेना, की पुढे आता कुणी हे मागचं पान उघडावं म्हणून देवाला सांगायचं, की उघडू नये म्हणून. ते दहा महिने आलटून पालटून दोन्ही सांगत राहिले.

ऑगस्टात तोंडी परीक्षा लागली. बाहेरचे परीक्षक नांदेडकडचे होते, बारीक चणीचे, खिशाला दोन पेनं. अध्यक्षस्थानी मालोजीराव. हर्षलाने अर्धा तास मांडणी केली. कौतुक झालं. आता संपलंच, म्हणून सरांनी श्वास सोडला, तेवढ्यात परीक्षकांनी प्रबंध उलटा धरून मागच्या बाजूने उघडला.

“हे परिशिष्ट पाच. मी गाडीत बेरीज करून पाहिली. सदुसष्ट येतात. मग आत एक्क्याण्णव कसे?”

हर्षलाने आपली प्रत तक्त्याच्या पानावर उघडली.

“बंद घरं सोडून शेजारची घेतली होती, सर,” हर्षला म्हणाली. “त्यामुळे.”

“इथे लिहिलंय, मार्गदर्शकांच्या सूचनेनुसार.”

तिने क्षणभर समोरच्या रांगेकडे पाहिलं. “सूचना बरोबर होती, सर. मी समजून घेण्यात चुकले.”

नवनाथसर उठले. अकरा वर्षांत जे जमलं नव्हतं ते आज जमेल असं त्यांच्या पायांना तरी वाटत होतं. “नाही सर, खरं म्हणजे ती सूचना मीच...”

“भोईरसर,” मालोजीराव शुद्ध बोलले, “तोंडी परीक्षेत मार्गदर्शकाने बोलायचं नसतं.”

“पण तिची...”

“नियम आहे. बसा आपण.”

सर बसले. बसताना अंगावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, आणि ते वाटलं म्हणून त्यांना मान वर करवेना.

निर्णय झाला : प्रबंधात दुरुस्ती करून वर्षभरात फेरसादर करावा. पदवी तूर्त नाही. परीक्षक माणूस सरळ होता. जाताना त्याने सरांचा हात दोन्ही हातांत घेतला. “मुलगी प्रामाणिक आहे हो तुमची. दुसरी असती तर ते परिशिष्ट घातलंच नसतं. चांगलं घडवलंत.”

बाहेर व्हरांड्यात हर्षला प्रबंधाच्या प्रती गोळा करत होती.

“असं का सांगितलंस?” सरांनी विचारलं.

“मग काय सांगू? तुमची गाइडशिप गेली तर बाकीची तिघं कुठं जातील? त्यांतल्या एकाचं चौथं वरीस चाललंय.”

“अगं, पण ती जागा... सप्टेंबरची...”

“सप्टेंबरातच हाय, सर,” ती म्हणाली. घड्याळ बघितलं. “माझा बारा दहाचा तास हाय. ह्या दोन प्रती धरता का? चुकवला तर तो पण जाईल.”

ती जिना उतरून गेली. सर दोन जाड प्रती छातीशी धरून व्हरांड्यात उभे राहिले. तास सुटला होता. आतली गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. हातातले प्रबंध तेवढे दिसत होते. जाणारी-येणारी मुलं हसून, “अभिनंदन, सर,” म्हणत होती, आणि सर प्रत्येकाला मान हलवत होते, कारण दुसरं काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.